रॉडवरच्या आकड्यांचं गणित : मरळीसाठी सामान घेताना सुरुवात कुठून करायची?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा मासे पकडायचा नवाकोरा रॉड घेऊन दारात उभा राहिला. ऑनलाइन मागवलेला. मुठीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. “काका, एवढे पैसे घातलो खरं, ह्यावर काय लिहिलंय तेच कळंना झालंय.”

मुठीच्या जरा वर बारीक सोनेरी अक्षरांत एक ओळ होती : ६ फूट ६ इंच, ‘एम’, फास्ट, १/४ ते ५/८ औंस, ८ ते १४ पौंड. सोबतच्या रिळावर आणखी वेगळंच : २५००, ५.२:१, ९+१. पोरगा बारावी सायन्सचा, तरी गोंधळलेला. त्याचा दोष नाही. हिडकल धरणाच्या काठाला, कुडचीजवळ कृष्णेवर, गावोगावच्या जुन्या खणींवर आता रविवारी असे रॉड घेतलेली पोरं दिसतात. सामान घरपोच मिळतं. त्यावरचं वाचायला मात्र कोणी शिकवत नाही.

आपण आधी दिसायला देखणा रॉड घेतो, मग रीळ, मग दोरी, आणि उरलेल्या चार पैशांत गळ. माझा अनुभव सांगतो की हा क्रम उलटा पाहिजे. आधी मासा ठरवायचा, मग गळ, मग दोरी, मग रॉड आणि सगळ्यात शेवटी रीळ. त्या क्रमानंच एकेक गोष्ट बघू.

## डब्यावरचा मासा आपल्या पाण्यातला नव्हे

बाजारात येणारे बहुतेक छोटे रॉड ‘बास’ माशासाठी बेतलेले असतात. बास, त्यातही लार्जमाउथ बास, हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, दबा धरून बसणारा शिकारी. तिकडे त्याच्या मागे लोक वेडे आहेत. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीनं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या आसपासचा बास पकडला. तो विक्रम ७७ वर्षं टिकला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं त्याची बरोबरी केली. एका माशाचा एवढा नाद असल्यावर त्याच्याभोवती सामानाचा मोठा बाजार उभा राहणारच. आपल्या हातात पडतो तो त्या बाजारातला माल.

आपल्याकडे बासच्या जागी आहे मरळ. तीही दबा धरते, बेडूक आणि लहान मासे खाते, अंगावर आलेल्या हलत्या वस्तूवर झडप घालते. म्हणून बासचं सामान मरळीला चालतं. पण दोघांत तीन फरक आहेत आणि ते लक्षात न घेता खरेदी केली तर पैसे पाण्यात जातात.

पहिला फरक राहण्याच्या जागेचा. मरळ केंदाळात, कमळाच्या वेलांत, बुडालेल्या झुडपांत राहते. गळ लागला की ती उघड्या पाण्यात पळत नाही, सरळ खाली केंदाळात घुसते. दुसरा फरक तोंडाचा. बासचे दात खरखरीत कागदासारखे, त्याला लोक ओठात अंगठा घालून उचलतात. मरळीला खरे दात आहेत आणि जबडा हाडाचा आहे. तिथं अंगठा घालू नका, पक्कड वापरा. तिसरा फरक श्वासाचा. मरळ पाण्यातल्या प्राणवायूवर भागवत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. संध्याकाळी खणीच्या काठाला शांत बसलं की ‘बुळुक्’ असा आवाज येतो, दोन बुडबुडे उठतात, केंदाळाचं एखादं पान हलतं. आमिष कुठं टाकायचं ते तिनंच सांगितलेलं असतं.

## गळ : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाचा

गळाचे नंबर पहिल्यांदा सगळ्यांनाच फसवतात. नुसता आकडा असेल तर आकडा मोठा तसा गळ लहान : १० नंबरचा गळ ४ नंबरच्या गळापेक्षा बारीक. १ च्या पुढे मात्र तिरकी रेघ देऊन शून्य लावतात, १/०, २/०, ३/०, आणि तिथून आकड्याबरोबर गळही मोठा होत जातो.

मरळीसाठी सध्या सगळीकडे रबरी बेडूक वापरतात. त्याची रचना हुशारीची आहे. पोकळ मऊ शरीर, आणि दोन गळ टोकं वर करून पाठीला चिकटून बसलेले. त्यामुळे केंदाळावरून ओढला तरी तो अडकत नाही. मरळीनं जबडा दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. सगळी मदार त्या चेपण्यावर. म्हणून दुकानात बेडूक हातात घेऊन अंगठा आणि तर्जनीत दाबून बघा. टोकं सहज बाहेर आली पाहिजेत. स्वस्त बेडकांचं रबर टायरसारखं कडक असतं. मरळ येते, दणका देते, आणि रिकाम्या तोंडानं निघून जाते. आपण म्हणतो नशीब नाही.

दुसरी परीक्षा धारेची. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढायचं. घसरलं तर गळ बोथट आहे, अडकलं तर धार आहे. शंभर रुपयांच्या गळावर दहा मिनिटं कानस चालवली तर जो फरक पडतो तो पाच हजारांच्या रिळानं पडत नाही.

आता औंस. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. पोराच्या रॉडवर १/४ ते ५/८ औंस लिहिलं होतं, म्हणजे ७ ते साधारण १८ ग्रॅम. एवढ्या वजनाचं आमिष तो रॉड नीट फेकू शकतो. ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. गोफणीत ढेकळाचा चुरा घातला तर तो लांब जात नाही, आणि नारळाएवढा धोंडा घातला तर गोफणच तुटते. रॉडचंही तसंच आहे. आमिषाच्या वजनानं तो मागं वाकतो आणि सरळ होताना फेकतो. बहुतेक रबरी बेडूक १० ते १५ ग्रॅमचे असतात, म्हणजे या रॉडला चालण्यासारखे.

## दोरी : जाड म्हणजे मजबूत असं नाही

पौंडाचा आकडा दोरी किती ताण सोसते ते सांगतो. १० पौंड म्हणजे साडेचार किलो, २० पौंड म्हणजे नऊ किलो. दोऱ्या तीन जातींच्या.

नायलॉन, म्हणजे आपला तंगूस. स्वस्त, गाठ धरणारा, आणि ताणणारा. हा ताण काही ठिकाणी गुण आहे, काही ठिकाणी अवगुण. दुसरी फ्लोरोकार्बन. दिसायला तंगुसासारखीच, पण जड, त्यामुळे बुडते, आणि पाण्यात कमी दिसते. मरळीसाठी तिच्यावर पैसे घालू नका. वर तरंगणाऱ्या बेडकाला बुडणारी दोरी काय कामाची?

तिसरी ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. मरळवाल्यांसाठी खरी दोरी हीच. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगते. ताणत जवळपास नाहीच. आणि बारीक इतकी की ३० पौंडांची ब्रेड जाडीला ८ पौंडांच्या तंगुसाएवढी भरते. न ताणण्याचा फायदा केंदाळात कळतो. वीस मीटरवर मरळीनं बेडूक धरला आणि तुम्ही तंगुसानं झटका दिलात, तर अर्धा झटका तंगूसच खातो. गळ हाडात रुतत नाही. ब्रेडवर तो झटका तसाच्या तसा पोचतो.

मग सगळीकडे ब्रेडच का नको? कारण ब्रेड दगडाला घासली की लगेच तुटते. हिडकलचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बाहेर येतं, ते पाहायला लोक जातात. गळ टाकणाऱ्यानं ते आणखी एका कारणासाठी पाहून ठेवावं. पाणी चढल्यावर खाली काय आहे, भिंती कुठं, बुंधे कुठं, हे तेव्हाच समजतं. अशा दगडी जागी ब्रेडच्या पुढे हातभर जाड तंगूस जोडावा.

ब्रेड भरताना एक काळजी घ्या. रिळाच्या उघड्या स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळतात त्या नळकांड्यावर, थेट गुंडाळलीत तर ती आख्खीच्या आख्खी घसरून फिरते. तुम्हाला वाटतं रीळ बिघडलं. आधी पाच-सहा मीटर तंगूस गुंडाळा, मग त्याला ब्रेड बांधा.

## रॉड : किती वाकतो आणि कुठून वाकतो

रॉडवरच्या दोन शब्दांचा घोळ दुकानदारही घालतात. एक आहे जोर, दुसरी आहे वाक.

जोर म्हणजे रॉड वाकवायला किती ताकद लागते. ‘एल’ हलका, ‘एम’ मध्यम, ‘एम एच’ मध्यम-जड, ‘एच’ जड. ज्वारीचं ताट आणि ऊस शेजारी धरा. ताट बोटानं वाकतं, ऊस वाकवायला गुडघा लावावा लागतो. हा झाला जोरातला फरक.

वाक म्हणजे रॉड कुठून वाकतो. ‘फास्ट’ असेल तर फक्त शेंडा वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. ‘मॉडरेट’ असेल तर मधल्यापर्यंत वाकतो. ‘स्लो’ असेल तर मुठीपर्यंत. फास्टचा अर्थ वेगवान रीळ किंवा लांब फेक असा अजिबात नाही. झटका दिल्यावर शेंडा संपून ताठ भाग लवकर लागतो, म्हणून फास्ट.

मरळीला दाट केंदाळात ‘एम एच’ किंवा ‘एच’, फास्ट, साडेसहा ते सात फूट असा रॉड लागतो. तिला खाली घुसू द्यायचं नसतं, पहिल्या दोन-तीन सेकंदांत तोंड वर करून केंदाळावरून घसरत आणायचं असतं. मऊ रॉड तिथं वाकत बसतो आणि तेवढ्यात ती वेलाला वेढा मारते.

इथं हटकून एक प्रश्न येतो : लांब रॉडला ताकद जास्त नसते का? उलट असतं. भरलेली बादली हाताशी धरून उचला, आणि मग तीच काठीच्या टोकाला अडकवून काठीचं दुसरं टोक धरून उचला. रॉड जेवढा लांब तेवढी माशाची तरफ मोठी आणि तुमच्या मनगटावरचा भार जास्त. लांबीनं फेक वाढते, काठावरच्या झुडपांवरून दोरी उचलून धरता येते. ताकद वाढत नाही. झाडाझुडपांतल्या खणीवर सात फुटांच्या वर जाऊ नये.

कार्बनचा रॉड हलका आणि हाताला जिवंत लागतो. फायबरचा जड, पण मार सोसणारा. माझा पहिला कार्बन रॉड मी स्वतःच्या हातानं तोडला. खणीची दगडी कड, खाली दीड-दोन किलोंची मरळ दमून आडवी पडलेली. जाळं नेलं नव्हतं. रॉड उभा करत मागं नेला आणि तिला वर उचलायला गेलो. शेंडा माझ्या खांद्यामागे गेला, ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला, आणि टोकापासून चार बोटांवर रॉड दुभंगला. रॉड चांगला होता. सरळ उभ्याच्या पलीकडे गेला की सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो, आणि शेंडा त्यासाठी केलेलाच नसतो. मासा उचलायचा तर जाळ्यानं किंवा दोरी हातात घेऊन. रॉडनं नाही.

## रीळ : रहाट की सुताची गुंडी?

रिळं मुख्यतः दोन प्रकारची. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. त्याचं स्पूल फेकताना फिरत नाही. जमिनीवर उभ्या ठेवलेल्या सुताच्या गुंडीवरून धागा वर ओढला की वेटोळी सुटत जातात, तशी दोरी सुटते. शिकायला सोपं.

बेटकास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं आणि त्याचं स्पूल फिरतं. हा विहिरीचा रहाट. बादली सोडली, ती पाण्याला टेकली, पण रहाट हातानं थांबवला नाही तर तो फिरतच राहतो आणि दोर सैल होऊन त्याचा गुंता होतो. बेटकास्टिंगमध्ये अंगठा म्हणजे तो थांबवणारा हात. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबला नाही तर दोरीचं घरटं होतं, आणि उरलेली संध्याकाळ ते सोडवण्यात जाते. जाड ब्रेड आणि जड ओढीला हे रीळ उत्तम, पण नव्या माणसानं स्पिनिंगच घ्यावं. २५०० हा त्याच्या आकाराचा नंबर. दाट केंदाळात ३००० किंवा ४००० बरं.

५.२:१ म्हणजे दांडी एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. सायकलच्या पुढच्या आणि मागच्या दातांच्या चक्रांचं जे नातं, तेच. आकडा मोठा तर दोरी झपाट्यानं येते, पण ओढ जड लागते. चढाला मोठा गिअर टाकल्यासारखं.

९+१ हा बेअरिंगचा आकडा. जास्त बेअरिंग म्हणजे चांगलं रीळ का? नाही. चार चांगली बेअरिंगं दहा स्वस्त बेअरिंगांपेक्षा बरी. दुकानात आकडा बघू नका, दांडी धरून मागं-पुढं हलवा. खुळखुळ आली तर ठेवून द्या.

## ढील : रिळातली खरी कामाची गोष्ट

रिळावर एक चकती असते, तिला ड्रॅग म्हणतात. ठरावीक ताणाच्या पुढे ती दोरी सुटू देते. पतंग उडवणाऱ्याला हे एका शब्दात कळतं : ढील. कधी खेचायचं आणि कधी ढील द्यायची हे ज्याला जमतं त्याचा मांजा तुटत नाही.

साधा नियम असा की दोरी आणि रॉड यांतला जो कमजोर, त्याच्या पौंडांच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ढील लावावी. पोराच्या रॉडची मर्यादा १४ पौंड, म्हणजे सव्वासहा किलो. त्याला दीड ते दोन किलोंची ढील. ती मोजायला काटा नसेल तर दोन लिटरची पाण्याची बाटली भरून दोरीला बांधा आणि रॉडच्या शेंड्यातून नव्हे, थेट रिळापासून उचला. बाटली अगदी सावकाश खाली सरकायला लागली की ढील बरोबर.

दाट केंदाळात मात्र हा नियम मोडावा लागतो. तिथं ढील दिली की मासा गेला. म्हणून तिथं ४० ते ५० पौंडांची ब्रेड, जड रॉड आणि जवळपास आवळलेला ड्रॅग. तिन्ही एकत्र. यातली एकच गोष्ट जड केली आणि बाकीच्या हलक्या ठेवल्या तर जे हलकं असेल तिथं तुटणार.

## गाठ

दोरी तुटली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गाठ सुटलेली असते. दोरीचं टोक वळवळीत कुरळं आलं तर समजा गाठ घसरली. ब्रेड गुळगुळीत असते, तंगुसाला चालणारी नेहमीची पिळाची गाठ तिच्यावर सरकते. तिला पालोमर गाठ घाला. दोरी वीतभर दुहेरी करा, तो दुहेरी फास गळाच्या डोळ्यातून काढा, त्याचीच एक सैल साधी गाठ मारा, मग फास मोठा करून अख्खा गळ किंवा बेडूक त्यातून पार करा. ओढण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते, आणि तापलेला तंगूस तर तिथंच कमजोर होतो.

## “आमच्या आज्ज्यानं बांबूवर पकडलं की सगळं!”

पकडलं, आणि त्यात काही खोट नाही. चिलापी, लहान वाम, ओढ्यातली बारकी मासळी यांच्यासाठी बांबू, तंगूस, गांडूळ आणि मोरपिसाचा तरंगा याहून जास्त काही लागत नाही. बांबू तळापासून वाकतो, म्हणून लहान माशाचा ताण छान झेलतो. फक्त त्याला ढील देता येत नाही. दोरी तेवढीच, आणि फेकही तेवढीच. तुम्हाला काठालगतचेच मासे हवे असतील तर रॉड घेऊ नका, पैसे वाचवा.

कटला-रोहूसाठीही मरळीचा रॉड नको. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाशी चरतो. पिठाच्या गोळ्यावर येणारे हे मासे लांब पळतात, त्यांना लांब, मऊ रॉड आणि भरपूर तंगूस लागतो. तो स्वतंत्र विषय आहे.

## पाण्यावर जाण्याआधी

पुष्कळ तलाव आणि जलाशय ठेक्यानं दिलेले असतात. आधी गावात विचारा, ठेकेदाराची किंवा मच्छीमार सोसायटीची परवानगी घ्या.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेला ढग चढले की रॉड खाली ठेवा. कार्बनमधून वीज वाहते, आणि मोकळ्या काठावर सात फुटांचा उभा रॉड घेऊन उभं राहणं म्हणजे वळवाच्या पावसात विजेला हाक मारणं. विजेच्या तारांखाली तर कधीच फेकू नका. गुंतलेली दोरी काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायांत ती अडकते आणि ते उपाशी मरतात.

आणि पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा पुंजका उकळल्यासारखा वर-खाली होताना दिसला, तर तिथं बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते रागानं हमखास झडप घालतात. जोडी काढली की तो पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

पोराला नवा रॉड घ्यायला मी सांगितलं नाही. त्याचा ‘एम’ दाट केंदाळाचा नव्हे, पण उघड्या काठाला, कमळाच्या पानांच्या कडेला चांगला चालेल. रिळावर पाच मीटर तंगूस भरला, त्यावर २० पौंडांची ब्रेड, आणि दोन मऊ बेडूक त्याच्यासमोर दाबून निवडले. बाटली बांधून ढील त्यानंच लावली. गाठ तिसऱ्या खेपेला जमली. “ओली करायची विसरलो होतो मी,” म्हणाला, आणि सोडून परत बांधायला बसला.